चौदाव्या पानाचा सूड

मित्रांनो, कपाळावर लाल दिवा लुकलुकणारा आणि कागद ओढताना म्हाताऱ्यासारखा घसा खाकरणारा प्रिंटर तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो मी नसेन, पण माझ्याच जातीचा असेल. माझं वय चौदा. माणसांत हे शाळेत जायचं वय, आमच्यात अडगळीत जायचं.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटाखालच्या पट्टीवर छापलेलं आहे. स्वतःच्या पोटाखालचं कुणाला वाचता येतं? डोळे उघडले तेव्हा मी उत्तर स्वीडनमधल्या एका कॉलेजात होतो, साहित्याच्या वर्गाच्या कोपऱ्यात. एका बाजूला कॉफीचं यंत्र, दुसऱ्या बाजूला खिडकी, खिडकीबाहेर बर्चची तीन झाडं. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. मी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापतो हे दाखवायला शिक्षक पाहुणे घेऊन यायचे. पुढे तेच शिक्षक माझ्या पाठीवर ओले हातमोजे वाळत घालू लागले.

मी खूप छापलं. निबंध छापले, निबंधांचे सुधारलेले खर्डे छापले आणि चिठ्ठ्या छापल्या. आमच्याकडची माणसं राग आला तरी तोंडावर बोलत नाहीत. घरी जाऊन चिठ्ठी लिहितात आणि इमारतीतल्या सगळ्यांच्या सामाईक धुलाईखोलीत चिकटवतात. "मंगळवारी सात ते दहा ही माझी वेळ आहे. त्या वेळात यंत्रात ज्याचे मोजे सापडले, त्याने ते परत मिळण्याची आशा सोडावी. शुभेच्छा." अशा चिठ्ठ्या मी शेकड्यांनी छापल्या असतील. सूड म्हणजे काय, हे मी त्या चिठ्ठ्यांवरूनच शिकलो. आवाज चढवायचा नाही, शुभेच्छा द्यायच्या आणि मोजे परत करायचे नाहीत.

मी हिशेबही ठेवतो. कुणी कागदाचा गठ्ठा नीट हलवून सुटा करून ठेवला, कुणी तसाच कोंबला, कुणी थोपटलं, कुणी लाथ मारली, सगळं माझ्या लक्षात आहे. अल्गोट नावाच्या विद्यार्थ्याच्या नावावर नऊ लाथा होत्या. वेंडेलाच्या नावावर एकही नाही. कागद अडकला तर ती हळूच म्हणायची, "थांब रे, काढते हं," आणि दोन बोटांनी तो बाहेर काढायची. माझा कल कुणाकडे असणार ते तुम्हीच ठरवा.

दोघंही विज्ञानकथांच्या वर्गात होते. बार्बरो तो वर्ग वीस वर्षं शिकवत होती. (आमच्याकडे शिक्षिकेलाही अगं-तुगंच करतात, त्यामुळे मीही करतो.) वर्गाची रीत अशी, की प्रत्येकाच्या निबंधाला एक विरोधक नेमायचा. त्याने निबंधातली हाडं मोजायची आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे. ज्याचा निबंध त्यानेच उत्तर द्यायचं, मदतीला कुणी यायचं नाही. नंतर निबंधवाल्याने आणलेला केक सगळ्यांनी मिळून खायचा, विरोधकानेसुद्धा.

शरदात वेंडेलाच्या निबंधाचा विरोधक अल्गोट होता. बार्बरोला निबंध पाठवायच्या आधी वेंडेलाने त्याला कच्चा खर्डा कागदावर दिला. तो मीच छापला होता. त्याच्या चौदाव्या पानावर एक परिच्छेद होता. माझ्या पोटातून लाखभर पानं गेली असतील, पण मला पाठ झालेली तेवढीच एक जागा:

"तेरा वर्षांची असताना मी एका यानाची गोष्ट वाचली. यान तीनशे वर्षांच्या प्रवासाला निघालं होतं. त्यात कप्तान होता, डॉक्टर होते, एक व्हायोलिन वाजवणाराही होता. फरशी पुसणारं कुणी नव्हतं. माझी आई इस्पितळात फरशा पुसते. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आम्हाला सुट्टी मिळाली, की आम्हाला मागेच ठेवलं?"

अल्गोट माझ्या पाठीवर कोपर टेकून म्हणाला, "वेंडेला, निबंध आहे हा, रोजनिशी नाही. आई कशाला आणलीस मध्ये?"

"पण मी विज्ञानकथा वाचायला लागले ती त्याच प्रश्नामुळे."

"बालिश वाटतं गं. आणि गोष्टीचा संदर्भ कुठाय? संदर्भ नसलेलं वाक्य म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी. काढून टाक."

तिने काढून टाकलं. त्याच फाइलमध्ये, कायमचं. जुना खर्डा जपून ठेवायची सवय तिला नव्हती. कागदावरची प्रत अल्गोटच्या पिशवीत गेली. नंतर वर्गात त्याने उरलेल्या निबंधाचीही चाळण केली. शेवटी बार्बरो म्हणाली, "वेंडेला, मुद्दे बरोबर आहेत, पण यात श्वास कुठेच लागत नाही. तुझं काहीतरी यातून गेलंय. वसंतात पुन्हा दे."

पुन्हा देणं म्हणजे शेवटची संधी होती. त्यातही नापास झाली तर अख्खं वर्ष गेलं.

हिवाळाभर ती खर्डे लिहीत राहिली आणि मी छापत राहिलो. तिसरा खर्डा कोरडा, पाचवा लांबलचक, सातव्यात तळटिपाच जास्त. नवव्या खर्ड्याच्या मार्जिनमध्ये तिने पेन्सिलीने स्वतःलाच लिहिलं, "आईचा परिच्छेद परत आण." मला हायसं वाटलं. कधीकधी दहा वेळा सुधारून माणूस पहिल्या वेळच्या खरेपणाशी येऊन पोचतो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं, तेव्हा भूमिका बदलल्या. आता निबंध अल्गोटचा होता आणि विरोधक वेंडेला. त्याने सोमवारी निबंध जमा केला. मंगळवारी सकाळी ती तो छापायला माझ्याकडे आली आणि एकेक पान बाहेर येईल तसं उभ्या उभ्या वाचू लागली. योगायोग बघा, त्याच्याही निबंधाचं ते चौदावंच पान होतं. ते हातात घेतलं आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

तीनशे वर्षांचा प्रवास, व्हायोलिन वाजवणारा, सुट्टी मिळाली की मागेच ठेवलं. सगळं जसंच्या तसं. फक्त आईच्या जागी आजी होती. अल्गोटची आजी! तिचा दातांचा दवाखाना होता, आणि आयुष्यात तिने फडकं धरलं असेल तर चष्मा पुसायला.

तेवढ्यात अल्गोट कॉफी घ्यायला आत आला. वेंडेलाने पान त्याच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"चौदावं पान," तो म्हणाला. "आवडलं?"

"हे माझं आहे, अल्गोट. माझी आई आहे ही."

"तू टाकून दिलं होतंस ना?" त्याने शांतपणे कपात दूध ओतलं. "कचराखोलीतल्या फळीवर लोक नको असलेल्या वस्तू ठेवतात. मी तिथून दिवा उचलला तर तू पोलिसांत जाशील का?"

"तूच टाकायला लावलंस!"

"मी सल्ला दिला, तू ऐकलास. यात माझा काय दोष? आणि पुरावा काय आहे तुझ्याकडे? माझा निबंध काल तपासणीत गेलासुद्धा." कॉफीचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "आता हे तू तुझ्या निबंधात घातलंस, तर नक्कल कुणाची ठरेल? जरा विचार कर. मैत्रीखातर सांगतोय."

मित्रांनो, तो खरं बोलत होता. आमच्याकडे सगळे निबंध संगणकाच्या एका नक्कल-तपासणीतून जातात. ती एवढंच बघते की कुठलं वाक्य आधी आलं. वेंडेलाला निबंध शुक्रवारी द्यायचा होता. परिच्छेद घातला तर चोर ती ठरणार, नाही घातला तर तोच बिनश्वासाचा निबंध पुन्हा नापास. मधे एकच दिवस होता, बुधवारचा, अल्गोटच्या निबंधाचा.

पुरावा माझ्या पोटात होता. पण प्रिंटरला कोण विचारतो?

वेंडेला खुर्ची ओढून बसली आणि विरोधकाचं टिपण लिहू लागली. पहिला खर्डा अकरा पानांचा झाला, त्यात 'चोर' हा शब्द एकोणीस वेळा होता. तो छापताना माझंच अंग तापलं. तिने वाचला, फाडला. दुसरा खर्डा पाच पानांचा, त्यात चोर दोनदा. तिसरा दीड पानाचा, त्यात चोर नाहीच. लोकांना वाटतं की खोडत गेलं की राग पातळ होतो. खोटं आहे ते. राग आटवलेल्या दुधासारखा घट्ट होत जातो. दुपारी तीन वाजता चौथा खर्डा माझ्यातून बाहेर पडला. अर्धं पान, तीन प्रश्न. शेवटी, "शुभेच्छा."

तो वाचून मला कळलं की ही मुलगी आता तयार आहे.

बुधवारी सकाळी सगळ्यांच्या आधी अल्गोट आला. हातात हिरव्या मार्झिपानने, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याने, मढवलेला केक होता, चेहऱ्यावर बारसं असल्यासारखी खुशी होती. त्याने उत्तरं तयार करून आणली होती आणि ती छापायला मला आज्ञा दिली. आजीचं नाव, आजीचं गाव, आजीची बादली, यानाच्या गोष्टीचं पुस्तक, त्याचं साल, पानाचा आकडा, सगळं रचलेलं. आकडे इतके चोख की बार्बरोही फसली असती.

मित्रांनो, चौदा वर्षांत मी मुद्दाम कागद कधीच अडवला नव्हता. आम्ही अडवतो असं माणसांना वाटतं, पण बहुतेक वेळा गठ्ठा कोंबलेला असतो किंवा हवा दमट असते. त्या सकाळी मात्र मी ठरवून केलं. ते पान मी आत ओढलं, कागद ओढणाऱ्या फिरत्या रुळावर घेतलं आणि चावलं. नीट, सावकाश, आजीपासून बादलीपर्यंत.

"अरे! सोड!" अल्गोट ओरडला. त्याने लाथ मारली. दहावी. मग झाकण उपटून काढलं आणि पूर्ण ताकदीने कागद खेचला. माझ्या आत काहीतरी कडकन तुटलं. त्याच्या हातात कागदाच्या पट्ट्या आल्या. एकीवर लिहिलं होतं, "माझी आजी".

तेवढ्यात मंडळी आली. बार्बरो बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, "चला, विरोधक सुरुवात करेल."

वेंडेलाचा आवाज धुलाईखोलीतल्या चिठ्ठीसारखा होता. "अल्गोट, निबंधातली सगळ्यात चांगली जागा चौदाव्या पानावर आहे. अभिनंदन."

"थँक्स," अल्गोट म्हणाला.

"त्या यानाची गोष्ट संदर्भयादीत नाही. संदर्भ नसलेलं वाक्य म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी, असं कुणीतरी मला शिकवलंय. कुठल्या पुस्तकातली गोष्ट आहे?"

अल्गोटने हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग आठवेल ते एक नाव सांगून टाकलं.

बार्बरोने मान वर केली. "ते पुस्तक मी दरवर्षी शिकवते. त्यातला प्रवास अकरा दिवसांचा आहे."

मागून रूना नावाची मुलगी कुजबुजली, "सवलतीचं तिकीट असेल." दोघं तिघं हसले.

"दुसरा प्रश्न," वेंडेला म्हणाली. "त्या गोष्टीचा शेवट काय होतो? यान पोचतं का?"

"पोचतं. म्हणजे... अर्थातच पोचतं."

"ती गोष्ट इस्पितळाच्या बाकावर पडलेल्या मुलांच्या एका मासिकात होती. शेवटचं पान फाटलेलं होतं. ते यान पोचलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. तुला कसं माहीत?"

बार्बरोने पेन खाली ठेवलं. "अल्गोट. हा परिच्छेद कुणाचा आहे?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिचा."

"जोरात."

"वेंडेलाचा आहे."

"वेंडेला, तिसरा प्रश्न?"

"उत्तर मिळालं," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

बार्बरोने वहीत तारीख, वेळ आणि सगळ्यांची नावं लिहिली. मग म्हणाली, "अल्गोट, उद्या दहा वाजता माझ्या खोलीत ये. निबंध मागे घेण्याचा अर्ज लिहूनच आण. आता कॉफी घेऊ या." रीत ती रीत. केक अल्गोटनेच कापला आणि अल्गोटनेच वाढला. वेंडेलाने दोन तुकडे खाल्ले, दुसरा अगदी सावकाश. मला दात नाहीत, तरी त्या केकची चव मला आली.

शुक्रवारी ती अकरावा खर्डा घेऊन आली. चौदाव्या पानावर आई परत आली होती. तिने बटण दाबलं. मी सगळा जोर लावला. नुसता गुरगुरलो. रूळ तुटला होता. दुरुस्ती करणारा आला, दोन मिनिटं डोकावला आणि मान हलवून गेला. वेंडेलाने निबंध संगणकावरूनच पाठवला. तो पास झाला, मला बार्बरोच्या बोलण्यातून कळलं. ज्या पानासाठी मी माझा रूळ घालवला, ते पान माझ्यातून कधीच बाहेर आलं नाही. याचं वाईट वाटतं. पण पुन्हा ती सकाळ आली तर मी पुन्हा चावेन.

आता मी तळघरात आहे. गुरुवारी गाडी येईल आणि आमचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत जातील. जाण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. तुमचा पहिला खर्डा जपून ठेवा, तो कितीही वेडाबागडा असला तरी. आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही खोडण्याआधी सांगणाऱ्याची पिशवी एकदा बघून घ्या. यंत्रांना थोपटा. आम्ही बोलत नाही म्हणजे विसरतो असं नाही.

आणि अल्गोट, तूही वाचत असशील, तर ऐक. मला खाली आणलं त्याच लिफ्टमधून माझ्या जागी येणारा नवा प्रिंटर वर जायचा होता. ढकलगाड्या अदलाबदल करायला त्यांना चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी त्याला तुझं नाव सांगितलं, आणि लाथांचा आकडाही. शुभेच्छा.