हार्प कोणत्या खांद्यावर?

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमची मावशी तुम्ही फक्त चित्रातच पाहिली आहे. आणि एक दिवस दारात एक बाई उभी राहते नि म्हणते, "मीच ती. तुला न्यायला आलेय." जाल तुम्ही तिच्याबरोबर?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात, आमच्या वेल्सच्या डोंगरांत, लाउरी नावाच्या मुलीवर हीच वेळ आली. तिची आई हिवाळ्यात वारली होती. शेजारच्या बेट्सीकाकू तिला सांभाळत होत्या. मेरेरिदमावशीचं चित्र चुलीवरच्या भिंतीवर होतं. लंडनच्या चित्रकारानं काढलेलं. निळा रेशमी झगा, उजव्या खांद्याला टेकलेली उंच हार्प, तारांवर बोटं.

आलेल्या बाईचे गाल बसलेले होते आणि झगा मळकट तपकिरी. ती चित्रासमोरच्या बाकावर बसून चहा पीत होती.

"चित्रातली कशी टवटवीत, आणि ही वाळलेली काडी," काकू लाउरीच्या कानात म्हणाल्या. "पोरींना नेऊन गिरणीत राबवणाऱ्या बायका अशाच गोड बोलतात बरं."

"माझ्या आईचं नाव काय?" लाउरीनं विचारलं.

"एलिन."

"ते गावात कुणीही सांगेल!" काकू फणकारल्या.

कोपऱ्यात आजोबांची हार्प चादरीखाली उभी होती. आमच्या प्रार्थनाघरातले लोक तिला सैतानाचं वाद्य म्हणत. आजोबा गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. कुणाला हार्प वाजवताना लाउरीनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते चित्र.

"वाजवून दाखवा," ती म्हणाली.

बाईनं चादर काढली, बसली, आणि हार्प डाव्या खांद्यावर घेतली.

"सापडली!" काकूंनी टाळीच वाजवली. "चित्रात उजवा खांदा आहे, बाईसाहेब. सोंग घ्यायचं तर नीट तरी घ्यावं!"

"लंडनच्या बायका उजवीकडे घेतात, आपण वेल्सचे लोक डावीकडे," बाई म्हणाली. "चित्रकार म्हणाला, डावीकडे दाखवली तर लोक हसतील. त्यानं मला तशी बसवली. तसं बसून मला एक सूर काढता येत नाही, बाळ."

"सबब तयारच! थांब, पोलिसालाच आणते." काकूंनी खुंटीवरची शाल ओढली.

लाउरीनं चित्राकडे पाहिलं, मग बाईकडे. मघापासून ही चित्रासमोरच तर बसली होती! फसवायचंच असतं, तर चित्रात आहे तश्शीच नसती का बसली?

"पण मी गिरणीत जाणार नाही," लाउरी म्हणाली.

"मी तरी कुठं गिरणीत जातेय?" बाई म्हणाली.

लाउरी धावत दाराशी गेली, काकूंच्या हातातली शाल घेतली आणि परत खुंटीला टांगली. मग वळून म्हणाली, "मावशी, माझे जाड मोजे बरोबर घेऊ ना?"