क्लचच्या पुढचं, क्लचच्या मागचं

हरिचंदने जॅकचा दांडा दाबला, तसा ट्रॅक्टरचा पुढचा अर्धा भाग बोटभर वर उचलला गेला आणि थांबला.

"अजून थोडं," नेमसिंग म्हणाला. जवळा बाजारचा हा मेकॅनिक सकाळपासून ट्रॅक्टरच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीत मान घालून उकिडवा बसला होता. "शाफ्ट येऊन राहिला समोर. आता जरासं डावीकडं घ्या."

"कोणाच्या डावीकडं?"

"तुमच्या. भारतभाऊच्या उजवीकडं."

भारत पलीकडे होता. मागच्या अर्ध्या भागाच्या मोठ्या चाकाला पाठ टेकून, हाताची घडी घालून.

"भारतभाऊ, तुमचं बी जरा पुढं लोटा. तेवढ्यानं जमून जाईन."

"नेमसिंग, त्यांना सांग," भारत म्हणाला. 'त्यांना' म्हणजे चार पावलांवर उभ्या असलेल्या सख्ख्या थोरल्या भावाला. "माझं हालणार न्हाई. जुळवायची हौस त्यांची हाय. त्यांनी यावं माझ्यापर्यंत."

हरिचंदने दांडा सोडून दिला आणि गमछ्याने मान पुसली. जोडणीची जागा ठरवतानाच त्याचं अर्धं डोकं उठलं होतं. तो म्हणाला, माझ्या शेडमध्ये जोडू. भारत म्हणाला, माझं मी त्यांच्या दारात नेणार नाही. मग तुझ्या अंगणात, असं हरिचंदने सांगून पाहिलं, तर तेही नको. लोक म्हणतील, धाकट्यानेच बोलावून घेतलं. शेवटी दोन घरांच्या मधला रस्ता ठरला. आता त्या रस्त्यावर दोन्हीकडून माणसं, सायकली आणि ग्यानबाची शेरडं तुंबली होती.

"लग्न लागून राहिलं का काय?" शेरडांमागून ग्यानबा ओरडला. "अंतरपाट धरू का?"

लोक हसले. नेमसिंगही फटीतल्या फटीत हसला. भारतच्या गालाला सुरकुती पडली आणि लगेच मिटली. हरिचंदने पुन्हा दांडा धरला. हसण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं.

ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांचा, पुंजाजींचा. परदेशी बनावटीचा, आसपासच्या गावांत पहिला आलेला. लोक त्याला बैलासारखं नावाने ओळखत. लाल्या. पुंजाजी गेल्यावर जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, घागरी-पराती मोजून झाल्या, आणि लाल्यापाशी सगळं अडलं. तो विकायचा नाही, यावर दोघे ठाम होते. दुसऱ्याला द्यायचा नाही, यावरही. तीन बैठका झाल्यावर पंचांतला एक म्हातारा वैतागून बोलून गेला, "मंग फोडा त्याला! क्लचच्या पुढचं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं." मेकॅनिक लोक ट्रॅक्टर क्लचपाशी उघडून दोन भाग करतात, त्याला फोडणंच म्हणतात. म्हाताऱ्याला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी लाज वाटेल.

दोघेही म्हणाले, "चालन."

मग पंचांनाच माघार घेता येईना. इंजिन, रेडिएटर, बॉनेट आणि पुढची चाकं हरिचंदकडे गेली. गिअरबॉक्स, मोठी चाकं, मडगार्ड आणि सीट भारतकडे. स्टिअरिंग बसतं मागच्या भागावर, पण वळवतं पुढच्या चाकांना. त्यावर अख्खी दुपार खर्ची पडून ते हरिचंदच्या वाट्याला आलं. तेव्हापासून लाल्याचं तोंड एका शेडमध्ये आणि धड दुसऱ्या अंगणात होतं. भावाभावांचं बोलणं बंद होतं. दसऱ्याला हरिचंद आपल्या अर्ध्याला हार घालायचा. भारतही त्याच्या अर्ध्याला घालतो, हे त्याला ठाऊक होतं. झेंडूची फुलं दोघेही वसमतच्या एकाच माळिणीकडून आणत.

इंजिन मात्र हरिचंदने मरू दिलं नव्हतं. पिस्टन, रिंगा, पंप, जे जुनं मिळेल ते तो नांदेडपर्यंत जाऊन शोधून आणायचा. अर्ध्या ट्रॅक्टरचं इंजिन लाकडी ओंडक्यांवर चालू करून ऐकत बसणारा माणूस म्हणून गावात त्याची थट्टा व्हायची. वसमतला जुन्या ट्रॅक्टरांची रॅली भरणार असल्याचं मोबाइलवर आलं, तेव्हा ते त्याने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि कित्येक वर्षांनी भारतचा उंबरा चढला.

भारतने बसायला सांगितलं नाही, पण 'जा'ही म्हणाला नाही.

"रॅलीपुरतं देतो," सगळं ऐकून तो भिंतीकडे बघत म्हणाला. "चाकावर चालवत न्या, चालवत आणा. आल्यावर येणाऱ्या रविवारी फोडायचा. माझं मला बराबर जसंच्या तसं पायजे."

"बरं," हरिचंद म्हणाला.

घरी येऊन त्याने बायकोला, मनकर्णाला, ते सांगितलं. ती तूर पाखडत होती.

"फोडायचाच हाय, तर जोडून काहून राहिले?"

"बापाचा ट्रॅक्टर हाय. एकडाव लोकांना अख्खा दिसू दे."

"लोकांना, का तुमाला?" मनकर्णा म्हणाली आणि सूप झटकू लागली. हरिचंदने पायातली चप्पल काढली, उगाच जागा बदलून ठेवली, आणि पुन्हा घालून शेडकडे गेला.

रस्त्यावरचं ते लग्न अखेर दुपारी लागलं. शाफ्ट आत बसला, बोल्ट आवळले गेले आणि लाल्या पहिल्या झटक्यात चालू झाला. पण मग रंगाचं निघालं. हरिचंदने बॉनेटच्या आतला, ऊन न लागलेला मूळ रंग दाखवून नांदेडहून जुळणारा लाल करून आणला होता. जरासा विटकरीकडे झुकणारा. डबा त्याने नेमसिंगच्या हाती भारतकडे पाठवला. तो तसाच परत आला.

"माझ्या भागाचा रंग मी घेईन म्हणाला," नेमसिंगने सांगितलं.

भारतने घेतला तो देवळाच्या पायरीला लावतात तसला भडक लाल. क्लचपाशी दोन्ही रंग समोरासमोर आले आणि फोडलेली जागा शिवारातून दिसेल अशी दिसू लागली. हरिचंद त्या रेषेसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"एक दिवसाचा तर परश्न हाय," भारत नेमसिंगला म्हणाला, भावाला ऐकू जाईल अशा बेताने.

निघायच्या दिवशी पुन्हा तेच. भारत म्हणाला, सीट माझी. हरिचंद म्हणाला, स्टिअरिंग माझं.

"मंग एक जण नुसतं बसा आन् एक जण पळत पळत वळवा!" नेमसिंग कडाडला. "तिकडं माझ्या गॅरेजला चार गिऱ्हाईकं बोंबलून राहिलीत, अन् हितं तुमची तकलीफ सरत न्हाई."

जाताना हरिचंदने चालवायचं आणि येताना भारतने, असं त्यानेच ठरवून टाकलं. दुसऱ्याने पायदानावर उभं राहायचं.

वसमतच्या मैदानात रांगेने ट्रॅक्टर उभे होते. आरशासारखे घासलेले, काहींना तर कारखान्यातून निघताना होते तेच टायर. हरिचंद एकेकापाशी थांबत, वाकून बघत, मनातल्या मनात लाल्याशी तुलना करत फिरून आला. लाल्या कशातच कमी नव्हता. फक्त ती रेघ. तो जाऊन तिच्यासमोरच उभा राहिला, म्हणजे अंगाआड ती झाकली जाईल.

पण परीक्षक दुसऱ्या बाजूने आले. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते, बारीक नजरेचे.

"रंग मधूनच बदललाय," ते म्हणाले. "मूळ स्थितीतल्या गटात अर्ज केलाय ना तुम्ही?"

हरिचंदने तोंड उघडलं. वाटणीची ती गोष्ट या माणसासमोर, एवढ्या लोकांत कशी सांगायची?

"तो तसाच आला, साहेब," मागून भारत म्हणाला. "बोटीतून आला ना. दोन पेट्यांत. मागची पेटी खाली होती, पुढची वर. पुढच्या पेटीला समुद्राचं ऊन लागलं."

"समुद्राचं ऊन?"

"लई कडक असतंय, साहेब," भारत गंभीरपणे म्हणाला. "वडील सांगायचे. न्हाई का हो, दादा?"

हरिचंदने घाईने बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर वाकला. बघण्यासारखं आत काही नव्हतं. त्याचे खांदे हलत होते. प्राध्यापक काही क्षण दोघांकडे पाहत राहिले आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेले. हरिचंद सरळ झाला तेव्हा भारत तिसरीकडेच तोंड करून चहावाल्याला हाका मारत होता. 'दादा' हा शब्द बाहेर पडलाच नव्हता, असा त्याचा चेहरा होता.

मूळ स्थितीतल्या गटात त्यांना काही मिळालं नाही. उत्तेजनार्थ म्हणून मंचावर बोलावलं आणि एक शाल, एक नारळ पुढे केला. सूत्रसंचालकाने माइक समोर धरलेलाच होता, तेवढ्यात भारत म्हणाला, "शाल त्यांना द्या, नारळ मला." ते सगळ्या मैदानाने ऐकलं. मैदान हसलं. हरिचंदला खाली उतरायला पायऱ्या सापडेनात.

परतीला भारतने चालवलं, आणि वाईट चालवलं. पाय क्लचवरून काढायचंच नाव नाही.

"अर्धा क्लच धरू नको!" पायदानावरून हरिचंद ओरडला. "जळून जाईन!"

"क्लच कोणाचा हाय?"

"मधला हाय तो! कोणाचाच न्हाई!"

"मंग जळू द्या की!"

तरी पाय निघाला. हरिचंद मडगार्डला धरून उभा होता. तळपायांना मागचा गिअर जाणवत होता आणि तळहाताला पुढचं इंजिन. रस्त्याच्या कडेच्या हळदीची पानं पिवळी पडली होती. बोलायला बराच रस्ता शिल्लक होता. गावची कमान दिसली तेव्हा भारत म्हणाला, "रविवारी नेमसिंगला सकाळीच बोलवा. सोमवारपासून हळद काढायचीय मला."

"बोलावतो," हरिचंद म्हणाला. त्याने मडगार्डवरचा हात काढून खिशात घातला.

लाल्या पुन्हा मधल्या रस्त्यावर उभा राहिला. दुधाची गाडी फेऱ्याने जाऊ लागली. ग्यानबा शेरडं हाकताना रोज दोन्ही घरांकडे आळीपाळीने बघून शिव्या घालत होता. हरिचंदने शुक्रवारी नेमसिंगला फोन केला. शनिवारी ओंडके काढून पुसून ठेवले. रात्री ताट समोर तसंच राहिलं. मनकर्णाने भाकरी उचलून झाकून ठेवली.

रविवारी नेमसिंग आला. बोल्ट सोडायचे पाने रस्त्यावर मांडून त्याने जॅक लावला. हरिचंदने पुढच्या भागाखाली ओंडका सरकवला. भारत उशिरा आला, अंगावर धुतलेला सदरा घालून. फोडायच्या कामाला कोणी घालत नाही तसला.

"पहिला बोल्ट सोडू का?" नेमसिंगने विचारलं.

"सोड," हरिचंद म्हणाला. त्याला आता एवढंच हवं होतं, की हे एकदाचं उरकावं.

"थांब," भारत म्हणाला. "वाटणीचं बोलायचं हाय."

"आता कोणती वाटणी?"

"आवंदा मला पुढचं पायजे. मागचं तुमी घ्या."

हरिचंदने हातातला ओंडका खाली टाकला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? इंजिन मी जगवलं. रिंगा मी आणल्या. आन् आता तुला पुढचं?"

"इतके वर्स तुमच्याकडं होतं. अदलाबदली नको व्हायला?"

"पंचांनी ठरवलंय ते!"

"पंचांनी कायमचं थोडीच सांगितलं?"

"आन् स्टिअरिंग?"

"ते मागं बसतंय. तुमाला येईन."

"वळवतंय पुढचं!" हरिचंदचा आवाज चढला. "आपुन दुपारभर भांडलो त्याच्यावर. विसरला का?"

"न्हाई विसरलो. म्हणून तर म्हणून राहिलो, बराबर बसून बोलू. सीटचं बी ठरंल. मडगार्ड दोन हायत, त्याचंबी बघावं लागन."

नेमसिंग एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. त्याच्या हातातला पाना हवेतच होता.

"सोडायचा का न्हाई बोल्ट?"

"ठरल्याबिगर कसा सोडतो?" हरिचंद त्याच्यावरच खेकसला.

नेमसिंगने कपाळाला हात लावला. मग पाने गोळा केले, जॅक काढला, मोटारसायकलला किक मारली. "तुमचं ठरलं, तरी पुन्हा मला फोन करू नका," असं ओरडून तो निघून गेला. मनकर्णाने दारातून पाहिलं आणि आत जाऊन चहाचं आधण वाढवलं.

"पंच बोलवावे लागतीन," हरिचंद म्हणाला.

"बोलवा."

"त्यातले दोघं गेले. तिसऱ्याला ऐकू येत न्हाई."

"मंग नवे पाहू." भारत मोठ्या चाकाला टेकला. "माझी हळद उरकू द्या. मग तुमची हाय. घाई काय हाय?"

हरिचंदने त्याच्याकडे पाहिलं. भारत खाली बघत धुतलेल्या सदऱ्यावरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडत होता. डाग पसरत चालला होता.

"आन् तवर हा असाच रस्त्यात? ढग बघ. पाणी गेलं ना इंजिनात..." बोलता बोलता हरिचंद शेडकडे वळला आणि ताडपत्री घेऊन आला. ती अर्ध्या ट्रॅक्टरच्या मापाची होती. बॉनेटवरून क्लचपर्यंत आली आणि संपली. तो ती ओढून पुरवायच्या खटपटीत असताना भारत आपल्या घराकडे गेला. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ताडपत्रीची एक मोठी घडी होती, बाजारातून आणलेली, कोरी, घडीच्या रेघा न मोडलेली. त्याने ती मागून पसरली. मडगार्ड झाकले, सीट झाकली, क्लचवरून ती पुढे गेली, हरिचंदच्या ताडपत्रीवरून थेट रेडिएटरच्या तोंडापर्यंत.

"पुढचं अजून माझं हाय," हरिचंद म्हणाला.

"मी कुठं न्हाई म्हणलो?" भारत म्हणाला आणि पलीकडून दोरी फेकली.

हरिचंदने वैतागून मान हलवली. दोरी उचलली आणि आपल्या बाजूची गाठ मारायला खाली वाकला.