काव न लावलेली चिंच

मित्रांनो, बाभळीची मूठ, हातभर लांबीचं आणि पोटाकडे जरा वाकलेलं पातं, त्यात मधलेच तीन दात मोडलेले, अशी मी एक जुनी करवत आहे. ते दात कोणत्याही झाडाने मोडलेले नाहीत. ते कसे मोडले हे पुढे येईलच. पण आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. मला अलीकडे बऱ्याच गोष्टींची किळस येते, आणि त्यांत मी स्वतःही आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका लाकडाच्या वखारीतला. तिथे ओंडके चिरणाऱ्या मोठ्या यंत्राची पोलादी पट्टी एक दिवस तुटली. तिचा एक तुकडा भुशात पडून होता. वखारीतल्या अमृत मिस्त्रींनी तो उचलला, कापून वाकवला, आणि ते कानस घेऊन दोन दिवस माझे दात काढत बसले. मग एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे सगळे जरासे झुकवले, म्हणजे ओल्या लाकडात मी अडकू नये. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो माणूस समोरच उकिडवा बसून पाहत होता. त्याचं नाव नाथाजी.

नाथाजी मूळचा मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचा. चालायच्या आधी झाडावर चढायला शिकला असेल, असं त्याची बायको रंगूबाई चिडवायची. तरुणपणी तो महाबळेश्वरला हॉटेलांच्या छपरांवर आलेल्या फांद्या पावसाच्या आधी उतरवायचा. लग्नानंतर रंगूबाईच्या माहेरी, कडेगावला, दोघं राहायला आली. तेव्हापासून तो वर झाडावर आणि ती खाली दोर धरून, असा त्यांचा संसार. लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणायचे. तो लाजायचा आणि म्हणायचा, डाक्टर नाडी धरतो, मी फांदी धरतो, तेवढंच सारखं.

त्याची कामाची रीत मला पाठ आहे. आधी रंगूबाई एक दगड घेऊन खोडावर सगळीकडून ठोकायची आणि कान लावायची. कुठे पोकळ आहे, आत कोणी राहतंय का, हे तिला आवाजावरून कळायचं. आत घरटं असलं की काम पुढे ढकललं जायचं. मग नाथाजी डब्यातली लाल काव, म्हणजे गेरूसारखी माती, पाण्यात कालवायचा आणि जी फांदी काढायची तिच्यावर, बरोबर कापायच्या जागी, बोटांनी पट्टा ओढायचा. मालकाने खाली उभं राहून सगळे पट्टे बघायचे आणि हो म्हणायचं. कावेच्या अलीकडे पलीकडे आमचा दात लागायचा नाही. पट्ट्यावर आधी खालून एक चीर, मग वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. शेवटी जखमेवर चुना आणि मोरचुदाचा लेप. तोडलेलं लाकूड मालकाच्या भिंतीशी रचून ठेवायचं. नाथाजी मजुरी घ्यायचा ती हाताची, लाकडाची नाही. मला या सगळ्याचा फार अभिमान होता.

आणि सगळ्यात जास्त अभिमान होता तो आक्काताईंच्या चिंचेचा. सांगलीच्या कडेला त्यांचं जैन घर, किडामुंगीलाही जपणारं. अंगणातली चिंच घरापेक्षा थोरली. चातुर्मासात तिला कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. दरवर्षी फाल्गुनात चिंचा उतरवून झाल्या की आम्हाला बोलावणं यायचं. आक्काताई कपाळावर हात आडवा धरून एकेक पट्टा मोजायच्या. काव बघितली की मला निवांत झोप लागती, असं त्या म्हणायच्या.

मग बाजारात पेट्रोलवर चालणाऱ्या करवती आल्या, आणि त्यांच्यामागून त्या हप्त्यावर घेणारी माणसं आली. एका वर्षात कडेगाव ते सांगली रस्त्यावर इतके झाडवाले झाले की मला त्यांच्या यंत्रांचे आवाज वेगळे ओळखता येईनात. झाडाझाडावर त्यांच्या पत्र्याच्या पाट्या लागल्या, ‘झाडे तोडून मिळतील’, खाली फोन नंबर. झाडालाच खिळा ठोकून झाडाचं काम मागायचं, यापरता ओंगळपणा मी पाहिलेला नाही. अशीच एक पाटी गळून गेली होती आणि तिचा खिळा लिंबाच्या सालीत बुजला होता. तो मला दिसला नाही. माझे तीन दात तिथे गेले.

त्याहून वाईट होती ती ‘लाकडावर’ काम घेण्याची पद्धत. मजुरी नको, फक्त लाकूड आमचं, असं हे लोक सांगायचे आणि मालक खूश व्हायचे. पण मित्रांनो, ज्याची मजुरी लाकडात आहे तो वाळकी काटकी कशाला शोधेल? तो जाड, जिवंत, वजनदार फांदी शोधतो. वीटभट्टीवर वजनालाच भाव असतो. त्यांच्यामागून मी जी झाडं पाहिली ती आठवली की मला शिसारी येते. खांद्यापासून छाटलेले आंबे, नुसत्या खांबासारखे उभे केलेले लिंब, आणि जी वाळकी फांदी काढायची होती ती तशीच वर लोंबकळत. पुढच्या उन्हाळ्यात तेच मालक त्या खांबाखाली घाम पुसत म्हणायचे की झाडात आता काही राम राहिला नाही.

यांच्यात सगळ्यात पुढे ऋषिराज. त्याने आपल्या यंत्रावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. आम्ही वाटेत दिसलो की तो गाडी थांबवून विचारायचा, म्हाताऱ्या करवतीला औषधपाणी चालू हाय का? नाथाजी पुढे चालत राहायचा. त्याची कामं एकेक करून गेली. ज्या बागेत तो वीस वर्षं जात होता, तिथेही फुकट करणारा कोणीतरी आधी पोहोचलेला असायचा. मी पोत्यात गुंडाळलेली आणि तो उंबऱ्यावर फोनकडे बघत बसलेला, असे महिने गेले.

गेल्या फाल्गुनात फोन वाजला. आक्काताईंचा नातू अरिहंत बोलत होता. त्याला नव्या स्लॅबवर सोलर बसवायचा होता आणि चिंचेच्या मावळतीकडच्या फांदीची सावली तिथे पडत होती. ऋषिराज लाकडावर करायला तयार आहे, पण तुम्ही आजीचे जुने म्हणून आधी विचारतो, असं तो म्हणाला. ही चिंच हातची गेली तर नाथाजीकडे नाव सांगायला एकही झाड उरणार नव्हतं.

“मीबी लाकडावर करतो,” तो म्हणाला.

रंगूबाई चुलीपाशी भाकरी उलटत होती. तिने मान वर केली.

“आवं, लाकूड आपलं म्हटल्यावर काव कुठं लावायची?”

सगळेच असं करतात, एवढंच तो पुटपुटला. त्या संध्याकाळी त्याने मला कानस मारून लखलखीत धार लावली. मला बरं वाटलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा आक्काताई बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला गेल्या होत्या. फाटकाशी वीटभट्टीचा ट्रॅक्टर उभा होता आणि ड्रायव्हर घाई करत होता. कावेचा डबा पिशवीतून निघालाच नाही. सवयीने रंगूबाईने दगड घेतला, खोडावर ठोकलं, मावळतीच्या फांदीच्या बुडाशी कान लावला.

“ढोलीत पिंगळ्याची पिल्लं हाईत. आठ दिस थांबा.”

नाथाजीने ट्रॅक्टरकडे पाहिलं, अरिहंतकडे पाहिलं. “न्हाई थांबता येत,” म्हणाला आणि चढला.

त्याचा तळवा ओला होता, ते मुठीतून मला कळत होतं. सोलरसाठी फांदीचा शेंडा काढला असता तरी पुरलं असतं. तो बुडाशी जाऊन बसला, कारण वजन बुडात असतं. खालून चीर न देता त्याने मला सरळ वरून लावलं. मित्रांनो, करवत अडकू शकते. ओल्या लाकडात ती रुतून बसते आणि माणसाला थांबावंच लागतं. मी अडकले नाही. मला धार होती आणि मी चालत राहिले. माझी मला किळस येते ती याचीच.

अर्ध्यावर गेल्यावर फांदी कडाडली आणि स्वतःच्या वजनाने खाली आली. येताना तिने ढोली फोडली आणि पुरुषभर उंचीची साल खोडावरून सोलून नेली. एक पिल्लू फरशीवर पडलं आणि हललं नाही. दुसरं रंगूबाईने पदरात झेललं. खोडाचं आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि त्याला ओला, आंबूस वास येत होता.

अरिहंत खालून म्हणाला, “मामा, मागची बी घ्या की. सावली अजून येतीया.”

तेवढ्यात आक्काताई फाटकातून आत आल्या. हातात तांब्या होता. त्यांनी सोललेलं खोड पाहिलं, फरशीवरचं पिल्लू पाहिलं, आणि मग काहीतरी शोधत असल्यासारख्या चिंचेभोवती एक फेरी मारली.

“नाथाजी, काव कुठाय?”

तो खाली उतरला. “न्हाई लावली, आक्का.”

“का?”

“लाकूड माझं हुतं.”

वीस वर्षांत नाथाजीने मला कधी जमिनीवर टेकवलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मला मातीत टाकलं. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला, आणि मलाही त्याच्याकडे बघवत नव्हतं. पेट्रोलवाल्यांचा मी इतका तिरस्कार केला, पण आवाज आणि धूर सोडला तर आम्ही दोघांनी वेगळं काय केलं होतं? चिंचेला तरी त्यात फरक कळला नसणार.

त्याने ट्रॅक्टर रिकामा परत पाठवला. ड्रायव्हर शिव्या देत गेला. अरिहंतचा चेहरा उतरला, मग मी ऋषिराजला बोलावतो, असं तो म्हणाला. आक्काताईंनी रंगूबाईच्या पिशवीतून कावेचा डबा काढला, तांब्यातलं पाणी घातलं आणि बोटांनी जखमेच्या खाली, खोडाला वळसा घालून, लाल पट्टा ओढला.

“ह्याच्या वरची हिरवी फांदी मी हाय तवर कुणी तोडायची न्हाई. तुझ्या सोलरला ऊन कमी पडंल तर पडू दे.”

नाथाजी दुपारभर जखमेच्या कडा साफ करत बसला. लोंबणारी साल काढली, लेप लावला. मजुरीचं नाव काढलं नाही, लाकडाकडे वळून पाहिलं नाही. रंगूबाईने जगलेलं पिल्लू उरलेल्या ढोलीत ठेवलं. त्याची आई परत आली की नाही, ते मला कळलं नाही.

पण गावातला कोणीतरी फाटकातून फोटो काढून गेला होता. तो ऋषिराजच्या हाती लागला आणि आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर फिरला. ‘जुन्या कारागिराचं काम बघा’, आणि खाली त्याचा स्वतःचा नंबर. ज्याने शेकड्याने झाडांची मुंडकी उडवली, त्याने आमची एक चिंच दाखवून कामं मिळवली. मला इतका संताप आला की काय सांगू. पण तो फोटो खोटा नव्हता, आणि म्हणूनच नाथाजीला कुणाशी भांडता आलं नाही. तो आता द्राक्षबागेत दुसऱ्याच्या हाताखाली छाटणीला जातो. कात्री बागवाल्याची असते. मी घरी असते.

यंदा फाल्गुनात आक्काताईंनीच निरोप धाडला. नाथाजी दोन दिवस जाऊ की नको करत होता. शेवटी रंगूबाईने मला पोत्यातून काढून त्याच्यापुढे ठेवलं. आम्ही गेलो तेव्हा स्लॅबवर सोलर बसलेला होता. चिंचेच्या अंगावर तो लांब व्रण तसाच होता, फक्त कडेची साल बोटभर आत सरकली होती. ओट्यावर एका वाटीत काव आधीच कालवून ठेवलेली होती.

“आदी लाव,” आक्काताई म्हणाल्या. “मग काप.”

रंगूबाईने ठोकून पाहिलं. आत कोणी नव्हतं. नाथाजीने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि वर जाऊन दोनच पट्टे ओढले, दोन वाळक्या, अंगठ्याएवढ्या फांद्यांवर. आक्काताईंनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि मान हलवली. मग त्याने मला आधी खालून लावलं, मग वरून. त्यांनी आम्हाला माफ केलं का, ते त्या बोलल्या नाहीत. मजुरी मात्र हातावर ठेवली, आणि वाळक्या फांद्या चुलीला म्हणून आत नेल्या.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढं नाथाजी आजही करतो. माझं मागणं दुसरं आहे. उद्या तुमच्या अंगणात कोणी यंत्र घेऊन येईल, किंवा माझ्यासारखी जुनी करवत घेऊन येईल, आणि म्हणेल की मजुरी नको, फक्त लाकूड माझं. घरातली मोठी माणसं खूश होतील. तुम्ही खूश होऊ नका. झाडाखाली जाऊन उभे राहा, त्याच्याभोवती एक फेरी मारा, आणि तो वर चढायच्या आधी त्याला एवढंच विचारा: काव कुठाय?