तकतकीत तुळईची भेग

मित्रांनो, माझं वय जेमतेम एक वर्ष, पण काळजीने मी म्हातारी झाले. मी लोखंडी तुळई. सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये गोरक्ष वेल्डरने मला घडवलं. हात चांगला होता त्याचा, पण मला न्यायला ट्रक दारात येऊन उभा होता, म्हणून घाई. माझा जोड बोटभर हटला, तेव्हा त्याने जॅक लावून मला ओढूनताणून जुळवलं आणि तसंच वेल्डिंग केलं. माझं अंग आतून आखडलं. "जस्तात बुडली की सगळं झाकलं जाईल," तो म्हणाला.

आणि झाकलं गेलं, हेच माझं दुःख! गंज धरू नये म्हणून मला आधी ॲसिडने धुतलं, मग वितळलेल्या जस्ताच्या हौदात सोडलं. त्या आगीत आखडलेल्या जोडाला ताण सोसेना. कोपऱ्यात भेग पडली आणि जस्त तिच्यावरून पसरलं. बाहेर आले ती अशी तकतकीत, की सगळे वाहवा करू लागले. मला ओरडावंसं वाटलं.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मला माळ्याखाली बसवलं. वर भरलेले क्रेट, खाली घड निवडणाऱ्या बायका. बरोब्बर माझ्या कोपऱ्याखाली कलाबाई बसायच्या. प्रत्येक क्रेट वर चढताना माझी भेग कणभर वाढायची.

एकदा पिशवी अडकवायला कलाबाईंनी वर पाहिलं. कोपऱ्यातून तपकिरी रेघ ओघळली होती.

"महेशभाऊ, नव्या लोखंडाला गंज कसा काय?"

सुपरवायझर महेश हसला. "मावशी, डाग आहे तो. रुपेरी रंग मारतो."

"रंग मारा, नायतर सोनं लावा. वरचा माल उतरवा आधी. तवर मी नाय बसायची हितं."

त्यांच्यामागे सगळ्या बायका उठल्या. ऐन हंगामात काम थांबलं. महेशने चडफडत माल उतरवला आणि गोरक्षला बोलावलं. त्याने कोपरा खरवडला. भेग दिसताच तो खाली उतरला.

"मीच वढून जुळवली व्हती. बोललो नाय कुणाला," तो कलाबाईंना म्हणाला.

माझ्या जागी नवी तुळई आली आणि मी भंगाराच्या टेम्पोत चढले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण निघताना कलाबाई पुन्हा घड निवडताना दिसल्या आणि मला हायसं वाटलं.

मित्रांनो, आम्हा तुळयांना तोंड नाही. ज्याच्या हातून चूक झाली, त्यानेच ती वेळेवर सांगावी. खाली कुणीतरी बसलेलं असतं.