ढकलायचं न्हाय

होय, तीच मी, भर वेशीत अडलेली निळी पिकअप. माझ्याबद्दल गावाचं पुष्कळ सांगून झालंय, आता मी बोलते. पहिलीच गोष्ट ठणकावून सांगते, मी बंद पडले नव्हते. मला बंद पाडलं होतं, आणि तेही माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी.

जन्मानं मी पांढरी. बारामतीकडच्या एका बागायतदाराच्या द्राक्षाच्या पेट्या वाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग त्यानं मोठा ट्रक घेतला आणि मला गोठ्यामागं उभं केलं. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो, ही माणसांची जुनीच रीत.

तिथून मला कचरूनं आणलं. त्याचं गाव सणसर-लासुर्णे रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, उगाच कुणाला मिरच्या झोंबायच्या. बौद्धवाड्यात आलेली मी पहिली गाडी. कचरूच्या बायकोनं, भागुबाईनं, माझं बोनेट स्वतःच्या पदरानं पुसलं, त्या दिवशी मी त्या घरची झाले. पुढं इंदापूरच्या बाजारात भाजी पोचवायचं काम मी कधी चुकवलं नाही.

त्र्याण्णव सालची बाबासाहेबांची जयंती आली. आजवर मिरवणूक ओढ्याकडच्या मागच्या वाटेनं जायची. त्या वर्षी वस्तीनं ठरवलं, जायचं तर वेशीतून, भर पेठेतून. बरेच खेटे घातल्यावर परवानगी मिळाली, पण दिवस मावळायच्या आत उरकायच्या बोलीवर. बाबासाहेबांची तसबीर माझ्या हौद्यात बसणार होती.

कचरूचा पुतण्या समाधान रंगारी. त्यानं आदल्या दिवशी मला निळी करायला घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरं. बोनेट रंगवलं, दारं रंगवली, आरशाच्या दांड्या रंगवल्या, डिझेलच्या टाकीचं झाकणसुद्धा सोडलं नाही. रंग उरला म्हणून झाकणावर दुसरा हातही मारला. मी तर नव्या नवरीसारखी मिरवत होते.

हलगी कडाडली आणि आम्ही निघालो. वेशीपर्यंत मी ऐटीत आले, आणि नेमकी कमानीखाली मला धाप लागली. दोन गचके दिले आणि गप्प झाले.

मग जो तो माझा डॉक्टर झाला. माझा स्टार्टर खणखणीत फिरत होता, तरी चार जण छातीठोकपणे म्हणाले, "बॅटरी उतरली." एकानं वायरी ओढून बघितल्या. कचरूनं फिल्टरचा बोल्ट सैल केला, हातपंप मारला, नळीतली हवा काढली. मी सुरू झाले, चार हात पुढं गेले आणि पुन्हा बंद. टाकीत डिझेल होतं, पण वर चढत नव्हतं. माझा जीव कोंडत होता आणि मला सांगता येत नव्हतं.

वेशीजवळच्या कट्ट्यावर हिंदुराव बसले होते. गावातलं बडं प्रस्थ. ते मिशीत हसले.

"कचरूराव, गाडीला बी वेस सोसंना बघा. एक नारळ फोडा, लिंबू उतरून टाका. न्हायतर माझा ट्रॅक्टर देतो, मागच्या वाटंला वढून सोडतो."

कट्टा खदखदला. घामानं निथळणारा कचरू माझ्या बोनेटखालून बाहेर आला.

"हिंदुराव, आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. त्यात लिंबू कुठं न्हाय. आन् मागच्या वाटंनं आता आमचं पाऊल बी जायचं न्हाय."

हवालदार मावळतीकडं बघत म्हणाला, "उरका, न्हायतर फिरवा माघारी."

समाधान रडकुंडीला आला. "काका, ढकलत काढू की पेठंतनं."

"ढकलायचं न्हाय!" कचरू गरजला. "हितनं आपल्या ताकदीनं जायचं. न्हायतर गाव जलमभर म्हणंल, ह्यांची जयंती ढकलत नेली."

शाब्बास! मला बोलता येत असतं तर मीही हेच म्हणाले असते.

तेवढ्यात हौद्यात तसबीर धरून बसलेली भागुबाई खाली उतरली. "इंजानातच डोकं घालून बसलाय सगळी. टाकी कुणी बघितली का?"

"सकाळी तर भरलीया," कचरू वैतागून म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. रंगानं चिकटलेलं झाकण पदरात धरून तिनं जोर लावून पिळलं. फुस्स! हवा आत घुसली आणि मी असा श्वास घेतला, की हलगीवाल्याचाही हात थांबला.

कचरूनं झाकण हातात घेऊन नखानं खरवडलं. त्याला एक बारीक भोक असतं. डिझेल जसं खाली जातं, तशी हवा त्यातून आत येते. निळ्या रंगाच्या दोन हातांनी ते पार बुजलं होतं.

"आरं समाधान, हिचं नाकच लिपलंस की रं!"

"ह्यो उद्या माझ्या कुकरची शिट्टी बी रंगवंल," भागुबाई म्हणाली, आणि पदराची पिन काढून तिनं ते भोक मोकळं केलं.

पुन्हा हवा काढली, कचरूनं चावी फिरवली, आणि मी अशी गरजले, की कमानीवरची कबुतरं उडाली. हवालदार बाजूला झाला. ऊन अजून पेठेच्या माळवदांवर होतं. मी पहिल्या गिअरमध्ये, मुद्दाम सावकाश, सगळ्या पेठेतून गेले. हिंदुराव कट्ट्यावरून उठून उभे राहिले. मानानं की नाइलाजानं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आता माझं इंजिन उतरवून विहिरीवर बसवलंय. पत्रा गंजलाय. उद्या भंगारवाला येणार म्हणतात. येऊ दे. माझ्यासाठी कुणी डोळ्यांतून पाणी काढू नका, मी काही बिचारी नाही.

यंदाची मिरवणूक मी परसातून ऐकली. मोठा ट्रक होता, वेशीतूनच गेला. भागुबाई परत आल्यावर सुनेला सांगत होती, पेठेतल्या बायका दारात भाजी निवडत बसल्या होत्या, कुणी मान वर केली, कुणी केलीसुद्धा नाही. ते ऐकलं आणि माझा सगळा शीण गेला. ज्या रस्त्यासाठी आम्ही भर वेशीत हट्टानं उभे राहिलो, त्या रस्त्यानं आमची माणसं आता नुसती जातात.