पहिली पावणेचार मिनिटं

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट मनातून थोडा अभिमानच होता. मैफलींचे सिनेमे आणि गाण्याबजावण्यावरचे माहितीपट घरबसल्या दाखवणारी ती कंपनी. लोकांनी हवं तेव्हा अॅप उघडावं, हवी ती मैफल लावावी, कंटाळा आला की बंद करावी. अॅपवर चढण्याआधी प्रत्येक सिनेमा कात्रीच्या खात्यातून जायचा. खातं म्हणजे काय, तर बिनखिडकीची एक लांबट खोली, सहा टेबलं, सहा पडदे आणि एक एसी, जो नेमका एकाच माणसाच्या डोक्यावर गार हवा ओतायचा. तो माणूस म्हणजे कात्री. बारा महिने शाल पांघरून बसायची बिचारी.

काम सांगायला सोपं. सिनेमाच्या आवाजाचा ग्राफ पडद्यावर आडवा पसरलेला असायचा आणि त्यावर खुणा करायच्या. इथून इथवर गाणं, इथून इथवर बोलणं, इथे टाळ्या. यातलं काहीच नसेल ते 'रिकामं'. सुरुवातीला किंवा शेवटी मिनिटाहून जास्त रिकामं सापडलं की मशीन तेवढं आपोआप छाटून टाकायचं. का, तर पहिल्या मिनिटात काही घडलं नाही तर बघणारा पळून जातो, हे वरच्या मजल्यावर कोणीतरी आकडे मांडून सिद्ध केलेलं होतं. आता आकड्यांपुढे कोण बोलणार?

शंका आली तर हेडफोन लावून ऐकायचं, असाही नियम होता. पण दिवसाला चौदा सिनेमे, तेही दोन-दोन तासांचे. आठ तासांत चौदा सिनेमे कोणता शहाणा ऐकेल? मग सगळे नजरेनेच काम करत. सहा वर्षांत कात्रीची नजर अशी तयार झाली होती की ग्राफ बघून ती गाणारा माणूस दमलाय की नाही ते सांगायची. गाणं दाट दिसतं, बोलणं तुटक दिसतं, टाळ्या विटेसारख्या चौकोनी दिसतात. हेडफोन तिच्या खणात पडून होते. चित्र बघायचा तर प्रश्नच नव्हता, ते दुसऱ्या खात्याचं काम. सिनेमाचं नावसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचत नसे, नुसता नंबर यायचा. आणि फोन दारातच कुलपात ठेवावा लागे, कोणी पडद्यावरचं चोरून बाहेर नेऊ नये म्हणून.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी जन्मभर एकच काम केलं होतं, पियानो सुरात लावायचं. शहरातल्या मोठ्या सभागृहात ते नोकरीला होते. कार्यक्रमाच्या आधी दोन तास जायचं, एकेक तार ताणायची, सैल करायची, सूर जुळला की किल्ल्या पिशवीत भरायच्या आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. कार्यक्रमाला थांबायची त्यांना सवय नव्हती. तिकिटं लोकांसाठी असतात, असं म्हणायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या सभागृहात एका नावाजलेल्या पियानोवादक बाईंच्या मैफलीवर सिनेमा झाला होता. कॅमेरावाले दुपारीच आले आणि बाबा पियानो लावत असताना त्यांनी बाबांचंच चित्रण केलं. दिग्दर्शक नंतर जवळ येऊन म्हणाला, "काका, सिनेमा तुमच्यापासून सुरू करतोय." बस, एवढं एक वाक्य. मग दिग्दर्शक आणि निर्माता यांचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि सिनेमा डब्यात बंद पडला. पण ते वाक्य काही बाबांच्या डोक्यातून गेलं नाही. बोलायला तोंड न उघडणारा माणूस, पण ही एक गोष्ट सांगायची संधी सोडायचे नाहीत. न्हाव्याला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळा सांगितलं होतं आत्याला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जिभेला हाड नाही. "सिनेमा तुझ्यापासून सुरू, आणि आम्हालाच तेवढा दिसत नाही," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. "दादा, तुला झोपेत तर नाही ना पडला हा सिनेमा?" बाबा हसायचे. पण कात्रीला ते हसणं बघवायचं नाही. त्यांना फक्त एकदा, आत्याच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर दिसायचं होतं. याहून काही त्यांनी आयुष्याकडे मागितलंय, असं तिला आठवत नव्हतं.

आणि एक दिवस खरेदी खात्यातल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, की कोर्टाचं मिटलं आणि तो पियानोचा सिनेमा आपण घेतला. कात्रीच्या हातातला चमचा तसाच राहिला. कधी चढणार, कधी चढणार म्हणून तिने त्या बाईंच्या नाकी नऊ आणले. शेवटी तारीख कळली. रविवारी दुपारी.

रविवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आपणच पडद्यावर असताना घरात बसायला इस्त्री कशाला, ते त्यांनाच ठाऊक. आत्या आली ती दारातूनच, "कुठेयत आमचे हिरो?" म्हणत आली. सोफ्यावर मधली जागा तिने पटकावली. बाबा टोकाला बसले. कात्रीने टीव्हीवर अॅप उघडलं, सिनेमा शोधला, आवाज वाढवला.

नाव आलं. नाव गेलं. आणि थेट भरलेलं सभागृह, टाळ्यांचा कडकडाट, बाई वाकून नमस्कार करतायत.

"याच्या आधी आहे," बाबा म्हणाले. "जरा मागे घे."

तिने मागे घेतलं. नाव आलं, नाव गेलं, टाळ्या. पुन्हा घेतलं. टाळ्याच. ते तिसऱ्यांदाही करून बघितलं तिने, जणू तेवढ्यात कोणी आणून ठेवणार होतं.

"शेवटी असेल," आत्या म्हणाली. म्हणून दोन तास सगळे बसले. शेवटीही नव्हतं. आत्या उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "दादा, तू शेजारच्या सिनेमात तर गेला नव्हतास ना?" तिच्या मनात वाईट नव्हतं, ती अशीच आहे. बाबाही हसले. "कापलं असेल," म्हणाले. "लांब होत असेल." मग आत गेले आणि शर्ट बदलून आले.

सोमवारी कात्रीने शाल पांघरायच्या आधी सिनेमाचा नंबर शोधून काढला. कापलेले तुकडे महिनाभर सर्व्हरवर ठेवत, मग पुसून टाकत. तुकडा तिथे होता. लांबी तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंद. खूण 'रिकामं'. खूण करणाऱ्याच्या रकान्यात तिचा स्वतःचा नंबर.

तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, वेळ पावणेपाच, दिवसातला तेरावा सिनेमा. ग्राफ तिने पुन्हा बघितला. लांब-लांब अंतरावर एकेक टोक, जसे भिंतीत ठोकलेले खिळे. गाणं नाही, बोलणं नाही, टाळ्या नाहीत. आजही समोर आला असता तर तिने तीच खूण केली असती, हे तिला स्पष्ट कळलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तिने खणातून हेडफोन काढले, वरची धूळ पुसली आणि चित्रासकट तुकडा लावला.

रिकामं सभागृह. खुर्च्यांवर कापडं टाकलेली. पियानोच्या उघड्या पोटात वाकलेला एक माणूस, केस काळेभोर. डावा हात पांढऱ्या पट्टीवर, उजव्या हातात किल्ली. एक सूर वाजवायचा, किल्ली केसभर फिरवायची, पुन्हा तोच सूर. सुरुवातीला तो आवाज थरथरत होता, दोन आवाज एकमेकांना ढकलत असल्यासारखा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. थरथर मंद होत गेली आणि एका क्षणी थांबली. सूर सरळ उभा राहिला. माणसाने मान वर केली नाही. शेजारच्या तारा गप्प ठेवणारी लोकरीची फीत पुढच्या तारांमध्ये सरकवली आणि पुढचा सूर धरला. पावणेचार मिनिटं हेच. बाबांना काम करताना तिने यापूर्वी कधीच बघितलं नव्हतं. डोळे भरून आले, तेव्हा तिने शालीने नाक पुसलं आणि ती उठली.

खात्याच्या प्रमुख मॅडम भल्या होत्या. पुसून टाकायच्या आत तुकडा परत जोडता येतो, त्या म्हणाल्या, फक्त दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागेल. फॉर्मवर एकच खरा प्रश्न होता, 'या भागात संगीत आहे का?' हो लिहिलं तर तुकडा संध्याकाळपर्यंत अॅपवर. नाही लिहिलं तर विषय संपला.

मॅडमनी तुकडा ऐकला. खालचा ओठ चावला. "हे सूर लावणं आहे गं," त्या म्हणाल्या. "मी हो लिहिलं आणि वर कोणी ऐकलं, तर मी काय सांगू? वाजवणाऱ्याने स्वतः सांगितलं पाहिजे, की मी अमुक वाजवत होतो. मग मी डोळे मिटून सही करते. कोण आहे हा माणूस, सापडेल का?"

"माझे वडील आहेत," कात्री म्हणाली.

मॅडमनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

बाबांनी फोन उचलला. मॅडमनी ओळख सांगितली, तुकडा सापडल्याचं सांगितलं. मग बाबा म्हणाले, "आहे का? मी दिसतोय?"

"अगदी स्पष्ट दिसताय, काका. परत जोडायचाय आम्हाला. फक्त एक विचारायचं होतं. त्यात तुम्ही काहीतरी वाजवताय ना? एखादी धून वगैरे? छोटीशी असली तरी चालेल."

कात्रीने डोळे मिटून घेतले. हो म्हणा, बाबा. एकदा हो म्हणा.

"नाही हो, मॅडम," बाबा म्हणाले. "वाजवायला मला कुठे येतं? मी लावत होतो. वाजवलं बाईंनी, संध्याकाळी."

"पण काका, सूर तर आहेत त्यात. म्हणजे तसं बघितलं तर संगीतच की."

"तसं बघितलं तर सुताराने खुर्ची ठोकली तेही संगीतच म्हणावं लागेल." बाबा हसले. "नाही मॅडम. मी असेपर्यंत संगीत नसतं. मी निघालो की सुरू होतं. त्या बाईंच्या सिनेमात माझी ठोकठाक 'संगीत' म्हणून लावाल, तर मलाच लाज वाटेल. जाऊ द्या. तुम्ही विचारलंत, हेच खूप झालं."

मॅडमनी कात्रीकडे बघितलं, खांदे पाडले आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलं. दुसरं त्या तरी काय करणार होत्या?

संध्याकाळी कात्री घरी आली ती धुमसतच. बाबा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. पिशवी खुर्चीवर टाकून ती उभ्यानेच सुरू झाली. "हो म्हणायला तुमचं काय जात होतं? एक शब्द, बाबा! त्या बाई सही करायला पेन घेऊन बसल्या होत्या. एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत फिरलात, आणि वेळ आली तेव्हा सत्यवादी झालात?"

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "नाही वाजवलं ते वाजवलं कसं म्हणू? दिसायचं होतं मला, नाही असं नाही. तुझ्या आत्याचं तोंड बंद व्हायला हवं होतं एकदा. पण त्यासाठी खोटं? आणि खरं सांगू का, ज्याने कोणी ते काढलं ना, त्याला कळतं. बरोबर जागेवर कापलंय. जिथे माझं संपलं, तिथेच. मला तर बरं वाटलं, की असा कान असलेली माणसं आहेत तुमच्याकडे."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती समोरच्या स्टुलावर बसली. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, त्यांना कधी कळलंही नसतं. पण बाबांच्या तोंडून ते कौतुक ऐकून घेणं तिला जमेना.

"मी काढलं ते," ती म्हणाली. "खूण माझी आहे."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "तू?" ते म्हणाले. "मग मला आधीच कळायला हवं होतं. माझीच मुलगी ना शेवटी. थरथर कुठे थांबली, ते ऐकलंस तू?"

"नाही, बाबा."

"म्हणजे?"

"आम्ही ऐकत नाही. पडद्यावर ग्राफ येतो, त्याच्याकडे बघून खुणा करतो. चौदा सिनेमे असतात दिवसाला." तिचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी मी हेडफोनच लावले नव्हते."

बाबांनी मान हलवली. शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, दुसरी घेतली. तीही सोलून झाली. कात्रीला वाटलं, आता रागवतील, आणि रागवले तर बरं होईल.

"मला वाटलं होतं," बाबा म्हणाले, "कोणीतरी ऐकून काढलं असेल."