सरांनी गाळलेली पानं

रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला पोरगा एव्हाना सरावला होता. आई त्याला एक दिवसाआड दवाखान्यात आणायची, खाटेवर निजवायची आणि बाहेर बाकावर विणकाम करत बसायची. सुईचंही त्याला आता काही वाटत नसे. पण त्या दिवशी शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला आणि पोराने चादर थेट नाकापर्यंत ओढली. शाळेतले गणिताचे सर! ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, ते.

सरांचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. नर्सबाईंनी पाकिटातून सुई काढली तसा सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पोराला ते बघवेना. चादर खाली करून तो म्हणाला, "सर, तिकडे नका बघू. माझ्याकडे बघा. तेरा सत्ते किती?"

"एक्याण्णव," सर सवयीने म्हणाले.

"सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न." तोवर सुई टोचूनसुद्धा झाली. सरांनी आधी हाताकडे पाहिलं, मग पोराकडे. "तुला तरी येतो का सतराचा पाढा?"

"नाही," पोरगा म्हणाला. दोघांनाही हसू फुटलं.

तिथून त्यांची गट्टी जमली. इथे गणिताचं नाव काढायचं नाही, ही पोराची अट सरांनी मुकाट मान्य केली. मग ते घरून गोष्टीची पुस्तकं आणून वाचून दाखवू लागले. एका कादंबरीत पोराएवढाच एक आजारी मुलगा होता. त्याचा ताप चढला तिथे सर अडखळले आणि त्यांनी पानं भराभर उलटली.

"सर, गाळलंत तुम्ही," पोरगा म्हणाला. "वाचा ना. घरीपण सगळे असंच करतात. माझ्याबद्दलचं दाराबाहेर जाऊन बोलतात."

सरांनी पानं मागे उलटली. मग त्यांनी सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता. त्यातला मुलगा तापातून वाचला, पण त्याचा जिवलग दोस्त गाव सोडून गेला. पोराने डोळे पुसले. सरांनीही पुसले.

पुढे आईचं मूत्रपिंड पोराला जुळलं. ऑपरेशन नीट पार पडलं. सरांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मात्र सुटणाऱ्या नव्हत्या. डॉक्टरांनी बाहेर पडायची मुभा दिल्याबरोबर पोराने हट्ट धरला तो सरांच्या घरी जायचा. सर दारातच वाट बघत उभे होते. नवं पुस्तक कोणी वाचायचं यावरून आधी हुज्जत झाली, मग दोघं आळीपाळीने वाचत बसले. बऱ्याच वेळाने आईने, निघायचं का, असं विचारलं.

"एवढं प्रकरण संपू दे," दोघं एकदमच म्हणाले.